माती, धूर, ऊद : चारचौघांना न पटणारं अत्तर लावायचं कसं

मातीचं अत्तर पहिल्यांदा लावून मी घरात वावरत होते तेव्हा आईने काही न बोलता सिंकखालचं कपाट उघडलं, आत हात घालून पाइप चाचपला आणि म्हणाली, "कुठेतरी ओल येतेय गं." मी मनगट पुढे केलं. तिने हुंगलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तू विकत आणलंस?"

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "पाऊस पडला की काय कुठे?" मनगट हुंगून झाल्यावर त्यांनी माझा हात सोडलाच नाही. त्यांना सांगलीजवळचं माहेरचं अंगण आठवलं होतं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मधल्या काळात मी पैसे वाया घालवले, ऑफिसात एकदा इलेक्ट्रिशियन बोलवायची वेळ आणली, आणि या भानगडीत नव्याने पडणाऱ्याला कुणी काही नीट सांगत नाही हेही कळलं. दुकानदार म्हणतो "एक नंबर माल", ओळखीचे म्हणतात "शी!", आणि आपण हातात कुपी घेऊन मधल्या मधे. गुलाब-मोगऱ्याला मार्गदर्शक लागत नाही. ओली माती, धूर, डांबर, गोठा, देवळाचा गाभारा असे वास अंगावर बाळगायचे असतील तर मात्र थोडी पूर्वतयारी लागते.

१. आधी भांडण कशावरून होतं ते समजून घ्या

हे टाळून पुढे जाऊ नका. नाहीतर प्रत्येक "शी!" मनाला लागेल.

पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकॉर' हे नाव इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ साली दिलं. उत्तर प्रदेशात हा वास आधीपासून अत्तरात धरून ठेवतात, याची त्यांनी दखलही घेतली होती. त्या वासातला मुख्य मातकटपणा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. ते मातीतले जिवाणू तयार करतात. आपलं नाक त्याच्या बाबतीत भलतंच तिखट आहे: पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे जेमतेम पाच-दहा भाग असले तरी अनेकांना कळतं. बिटाला येणारा मातकट वास याचाच, आणि साचलेल्या तळ्यातल्या माशाला येतो तोही. म्हणजे एकाच रेणूत अंगणही आहे आणि शेवाळलेली टाकीही. कुणाला काय आठवेल ते त्याच्या आजवरच्या जगण्यावर. आईने एका भाड्याच्या घरात चार पावसाळे भिंतीची ओल सोसली होती. तिला ओलच आठवणार.

दुसरं कारण थेट शरीरातलं. अँड्रोस्टेनोन हा रेणू काहींना घामट-लघवीसारखा लागतो, काहींना गोडसर, जवळपास व्हॅनिलासारखा, आणि काहींना त्याचा वासच येत नाही. हा फरक वास ओळखणाऱ्या एका जनुकातल्या बदलाशी जोडलेला असल्याचं २००७ साली दाखवलं गेलं. तेव्हा समोरचा नाक मुरडतो तेव्हा तो नखरेच करत असेल असं नाही. त्याच्या नाकात खरोखर वेगळंच काहीतरी शिरलेलं असतं.

यात एक सापळाही आहे. काही कस्तुरीसारख्या आणि लाकूडसर कृत्रिम रेणूंचा वास लावणाऱ्याला स्वतःलाच येत नाही. आपण "उडालं वाटतं" म्हणून आणखी फवारतो आणि लिफ्टमधले लोक श्वास रोखून धरतात. नवी कुपी असेल तर पहिल्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या नाकाला विचारल्याशिवाय दुसरा थेंब नाही, हा माझा नियम.

२. कुठल्या वाटेने जायचं ते ठरवा

मातीचं अत्तर. सुरुवात इथूनच करावी असं मी सांगेन. उत्तर प्रदेशातल्या कनौजला अर्धवट भाजलेल्या मातीच्या चकत्या पाण्यासकट तांब्याच्या मोठ्या देगेत घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात आणि खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते. भपका गार पाण्यात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वास त्या तेलात जिरतो. नंतर ते अत्तर कातडी कुप्प्यांत भरून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे उरलंसुरलं पाणी निघून जातं. चांगलं मातीचं अत्तर अंगावर ओरडत नाही. सुरुवातीला ओल्या कुंडीसारखं, आणि तासाभराने चंदन वर येतं.

चोया. हे धाडसाचं काम. चोया नख म्हणजे शिंपले कोरडेच तापवून काढलेला अर्क. चोया लोबानही असतो. धूर, डांबर, समुद्र, करपलेलं काहीतरी, असं सगळं एकदम नाकात येतं. एरवी अत्तरवाले तो दुसऱ्या अत्तरात चिमूटभर घालायला वापरतात. मी शहाणपणा करून नुसताच लावला. ते पुढे येईलच.

ऊद. इथे मराठी माणसाची हमखास फसगत होते. आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालतो तो ऊद म्हणजे झाडाचा डिंक, लोबानाच्या जातीचा. अत्तरवाल्याकडचा अरबी 'ऊद' म्हणजे अगरू: अगरबत्तीतला अगर. अगराच्या झाडाला बुरशी लागली की खोडात काळपट, राळेने भरलेलं लाकूड तयार होतं, त्याचं हे तेल. आपल्याकडे हा व्यापार मुख्यतः आसामात, होजाईच्या बाजूला. काही ऊद मधासारखे, काही चक्क गोठ्यासारखे. पूजेच्या दुकानात जाऊन "ऊद द्या" म्हणालात तर पन्नास रुपयांत खडे मिळतील. अत्तराच्या दुकानात तेच म्हणालात तर आकडा ऐकून खुर्ची शोधाल.

तुम्हाला ऊद अगदीच परका नाही, हेही सांगते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं उटणं आठवा. त्यातला नागरमोथा, तो मातकट, लाकूडसर, किंचित धुरकट वास. त्याच नागरमोथ्याचं तेल जगभरच्या अत्तरांत ऊदाचा भास निर्माण करायला वापरतात. ऊदाची पहिली चाचणी म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून दहा रुपयांचा नागरमोथा आणा, कुटा, कोमट पाण्यात भिजवा आणि हुंगा. आवडला तर पुढे जा. नाही आवडला तर बरेच पैसे वाचले.

शमामा, हिना. पुष्कळ मसाले आणि मुळं एकत्र उकळून काढलेली, गरम प्रकृतीची. थंडीसाठी.

फवाऱ्याच्या बाटल्या. हल्लीच्या परदेशी बाटल्यांतही ही जात आहेच. दिओरचा १९८८ सालचा फॅरेनहाइट कित्येकांना पेट्रोलपंपावर नेतो. कॉम दे गार्सों या कंपनीने २००२ मध्ये धूपाच्या वासांची मालिका काढली, त्यातल्या एका बाटलीचं नाव जैसलमेर. आणि एता लिब्र दोरांज या कंपनीचं २००६ मधलं सेक्रेसियों मान्यिफिक: रक्त, दूध, समुद्र, घाम. मी ते कागदावर हुंगलं आहे. अंगावर घ्यायचं धाडस अजून झालेलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

३. साहित्य

फार काही लागत नाही, पण हे आधी जमवा:

- जाड, बिनवासाच्या कागदाच्या बोटभर पट्ट्या. चित्रकलेच्या वहीचा कागद चालतो. लग्नपत्रिकेचा नको, त्याला स्वतःचा वास असतो.
- कापूस आणि कान कोरायच्या काड्या.
- दोन-तीन मिलीच्या रिकाम्या काचेच्या कुप्या.
- छोटी वही आणि पेन्सिल. जेल पेनच्या शाईलाही वास असतो.
- खोबरेल तेल आणि बिनवासाचा साबण. का, ते शेवटी.
- घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. चोया किंवा ऊद घेणार असाल तर हा हवाच. माझ्या कपाटात चोयाची कुपी उघड्यावर राहिली तेव्हा पंधरा दिवस माझे सगळे कुडते भट्टीतून काढल्यासारखे वाटत होते.

कागदपत्र एकच: बिल. त्यावर अत्तराचं नाव, वजन आणि ते कशात बनवलंय, म्हणजे चंदन तेल की दुसरं काही, हे लिहून मागा. लिहून द्यायला कां-कूं झाली की मला जे कळायचं ते कळतं.

४. दुकानात

मुंबईकरांना महंमद अली रोड आणि मिनारा मशिदीचा परिसर आहेच. रमजानच्या संध्याकाळी तिथे जाण्याची मजा औरच, पण खरेदीला नको: गर्दी, कबाबांचा धूर, शंभर अत्तरांचा एकत्र घमघमाट. साधा वार, सकाळी अकराच्या सुमारास जा. पोट भरलेलं असू द्या, पण लगेच मिसळ खाऊन जाऊ नका. त्या दिवशी अंगाला पावडर, डिओ, केसांना सुवासिक तेल काहीही नको.

दुकानदार काचेची कांडी कुपीत बुडवून सरळ तुमच्या हाताच्या पाठीवर ओढेल. सवयीने आपण हात पुढे करतो. करू नका. "कागदावर द्या" म्हणा. एका हाताच्या पाठीवर चार अत्तरं लागली की घरी पोचेपर्यंत त्यांची खिचडी होते, आणि तुम्हाला आवडलेला वास कुठल्याच कुपीत नसतो.

पट्टीवर आधी नाव लिहा, मग बुडवा. उलट केलंत तर तिसऱ्या पट्टीला नावं विसराल. एका खेपेला तीनच. त्यानंतर नाक थकतं. मधे कॉफीचे दाणे हुंगायला देतात, त्याने विशेष काही होत नाही. दुकानाबाहेर येऊन दोन मिनिटं उभं राहा किंवा स्वतःच्याच बाहीत नाक खुपसा.

आता पैशांचं. चंदनाचं तेल किलोला लाखाच्या पुढे जातं. साधा हिशोब करा: दहा मिलीत निव्वळ तेलाचेच हजाराच्या आसपास झाले. मग दोनशे रुपयांत दहा मिली "अस्सल चंदनावरचं मातीचं अत्तर" कसं मिळेल? त्यात पॅराफिन किंवा तसलंच स्वस्त द्रव असतं. ते वाईटच असं नाही. माझ्याकडचं एक साधं मातीचं अत्तर तसलंच आहे आणि मी ते उन्हाळाभर लावते. पण पैसे चंदनाचे देऊन पॅराफिन घरी आणू नका.

आणि 'अंबर', 'कस्तुरी' ही नावं वाचून भुलू नका. खरा अंबर स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होतो. कोकण किनाऱ्यावर "व्हेल माशाची उलटी" पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या याच्याच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो बाळगणं हा गुन्हा आहे, आणि कस्तुरीमृगाच्या कस्तुरीचंही तेच. कुपीवरचा अंबर म्हणजे राळ, व्हॅनिला वगैरेंचं मिश्रण असतं. कुणी कानाशी येऊन "असली है, मॅडम" म्हणालं तर तो एक तर खोटं बोलतोय किंवा तुम्हाला पोलिस ठाण्याची वाट दाखवतोय.

पहिल्या खरेदीत दोन-तीन मिलीच घ्या. अत्तरवाले तोळ्यात बोलतात आणि "तोळा घ्या, स्वस्त पडेल" म्हणतात. तोळा म्हणजे साधारण बारा मिली. न आवडलेलं बारा मिली अत्तर एका जन्मात संपत नाही.

५. चार दिवसांची चाचणी

पहिला दिवस: फक्त कागद. पट्टी जेवणाच्या टेबलापासून लांब, खिडकीत ठेवा. लगेच, अर्ध्या तासाने, रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. या जातीची अत्तरं सुरुवातीला सगळ्यात उग्र असतात. पहिल्या पाच मिनिटांत निकाल देऊ नका. चोयाची माझी पट्टी पहिल्या रात्री बाल्कनीत हद्दपार झाली होती. सकाळी तिला जुन्या लाकडी पेटीचा वास येत होता.

दुसरा दिवस: कोपराच्या आतल्या बाजूला काडीच्या टोकाने एक ठिपका, आणि दिवसभर घरीच. खाज, लाली, पुरळ येतंय का पाहा. येत असेल तर तिथेच थांबा. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य सोडून द्या. बिब्बाही नैसर्गिकच असतो.

तिसरा दिवस: लावून संध्याकाळी मोकळ्यावर फेरी मारून या. वारा, घाम, चाल यांनी वास बदलतो. घरात कोंदट वाटणारं अत्तर बाहेर एकदम मोकळं होतं. माझ्या बाबतीत मातीचं अत्तर इथेच जिंकलं: एप्रिलची संध्याकाळ, तापलेला डांबरी रस्ता, आणि दर दहा पावलांनी कुठूनतरी पाऊस.

चौथा दिवस: एकाच विश्वासू माणसासमोर.

मी तिसरा आणि चौथा दिवस गाळला. चोया नख घेतला आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच मनगटाला, मानेला, वर ओढणीलाही लावून ८.१४ ची लोकल पकडली. दोन स्टेशनांनंतर लेडीज डब्यात एक मावशी म्हणाल्या, "वायर जळतेय का गं कुठे?" मग सगळ्याच पंख्यांकडे बघायला लागल्या. एकीने स्वतःच्या पर्समधला चार्जर काढून हुंगला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ऑफिसात तोच प्रकार झाला, पण तिथे खरोखर इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने स्टुलावर चढून माझ्या डोक्यावरची एसीची जाळी उघडली. तेव्हा मला कबुली द्यावी लागली.

६. वासाला शब्द द्या

"छान" आणि "घाण" एवढ्यावर वही भरत नाही. आणि यासाठी इंग्रजीतून शब्द आणायची काही गरज नाही, मराठी नाक या बाबतीत श्रीमंत आहे. कुबट म्हणजे बंद कपाट. उबट म्हणजे पावसात न वाळलेले कपडे. खवट म्हणजे जुनं खोबरं. करपट, धुरकट, मातकट, ओशट, आंबूस, तुरट, वशाट. दर्प वेगळा, भपकारा वेगळा, दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा.

वहीत नुसता शब्द नको, वेळही लिहा. माझी एक नोंद अशी आहे: "माती. ९.१० ला नवा माठ, पहिलं पाणी. ९.४० ला खडू आणि ओला फळा. ११ ला चंदन, पण देवघरातलं नाही, सहाणेवरचं." दुसरी: "स्वस्त ऊद. ८ ला बँडेड. ८.३० लाही बँडेड. १ वाजता थोडं लाकूड. बँडेड." ते अत्तर मी परत घेतलं नाही. अशा दहा नोंदी झाल्या की आपल्याला नक्की काय आवडतं ते कळायला लागतं. मला धूर आवडतो असं मी समजत होते. वही वाचल्यावर दिसलं की मला आवडते ती धुरानंतरची राख.

७. कुठे आणि किती

अंगावर ओढायला एक थेंब पुष्कळ. काडीला लागलेलं अत्तर आधी कुपीच्या तोंडाशी निपटून घ्या.

आपल्याकडे लग्नात अत्तर हाताच्या पाठीला लावतात, कारण तो हात पुढे सगळ्यांना मिळायचा असतो. आपल्याला नेमकं उलटं हवंय. वादाचं अत्तर कपड्याखाली लावा: कोपराच्या आत, पोटावर बेंबीच्या वर, गुडघ्यामागे. मानेला नको. तिथून ते सतत तुमच्याच नाकात जातं, तासाभरात तुमचं नाक त्याला सरावतं आणि तुम्ही पुन्हा लावता. कानाच्या पाळीच्या वरच्या खोबणीत फाया, म्हणजे अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा, ठेवायची जुनी रीत मला फार आवडते, पण मातीपुरतीच. चोयाचा फाया कानात म्हणजे दिवसभर डोक्याशी चूल.

अंतराची कसोटी अशी: घरातल्या कुणाला तरी एक हात लांब उभं करा. तिथून वास आला तर जास्त झालं. गळाभेटीत यावा, नमस्कारात नको.

मनगटं एकमेकांवर रगडू नका म्हणतात, "रेणू तुटतात" म्हणून. तुटत-बिटत काही नाही. चोळल्याने ऊब येते आणि सुरुवातीचा वास लवकर उडतो, एवढंच. मातीच्या अत्तरात तीच तर पहिली ओल असते. कशाला घालवायची?

रेशमावर आणि जरीवर अत्तर मुळीच नको. तेलाचा डाग पैठणीवरून काढणारा मला अजून भेटलेला नाही. फवाऱ्याची बाटली असेल तर वितीभर अंतरावरून एकच फवारा, आणि समईच्या, गॅसच्या जवळ नाही. त्यात अल्कोहोल असतं.

८. कुठे लावायचं नाही

दवाखाना, कुणाला भेटायला हॉस्पिटल, परीक्षेचं सभागृह, मुलाखत, विमान, गच्च भरलेली लोकल, आणि पंगत. पंगतीबद्दल माझं स्पष्ट मत आहे: वरणभातावर तुमचा ऊद कुणी मागितलेला नाही. दुःखाच्या घरीही नको. घरात किंवा शेजारच्या खुर्चीवर दमा किंवा अर्धशिशी असलेलं कुणी असेल तर विचारल्याशिवाय लावूच नका, आणि "नको" आलं तर कारण विचारू नका.

परदेशी असलेल्यांनी ऑफिसचे नियम आधी वाचावेत. कॅनडातलं हॅलिफॅक्स तर कामाच्या आणि सार्वजनिक ठिकाणी सुगंध न लावण्याच्या आग्रहासाठीच ओळखलं जातं. तिथे सुट्टीच्या दिवशी घरी लावा. हीटरच्या कोरड्या हवेत वास लवकर विरतो, तेव्हा कातडीवर आधी थोडं बिनवासाचं क्रीम चोळून वर अत्तर लावायचं, असं माझी टोरांटोची मावसबहीण करते.

९. ऋतू

माती, वाळा, गुलाब उन्हाळ्यात. हिना, शमामा, ऊद थंडीत. जुन्या लोकांची ही वाटणी बरोबर आहे, आणि तिच्यामागे शास्त्र शोधत बसायची गरज नाही. मे महिन्यात एकदा ऊद लावून पाहा. मुंबईच्या दमट उकाड्यात कुठलंही अत्तर नेहमीपेक्षा अंगावर येतं, म्हणून तिथे निम्म्याने घ्या. विदर्भातल्या कोरड्या उन्हात मातीचं अत्तर बघता बघता उडतं, तिथे फाया बरा.

एक गोष्ट मात्र अनुभवानेच कळली: मातीचं अत्तर पावसाळ्यात लावू नये. बाहेर खरी सर आली की कुपीतली सर खोटी पडते.

१०. लोकांना विचारायचं कसं

"कसा वाटतोय?" असं विचारलंत की समोरचा एक तर भिडेखातर "छान" म्हणेल नाहीतर नाक मुरडेल. त्याऐवजी "कशाची आठवण येते?" असं विचारा. इलेक्ट्रिशियन प्रकरणानंतर मी सगळ्यांना तेच विचारत सुटले. आमच्या हिशोब खात्यातले चिपळूणकडचे दादा मनगटाजवळ वाकले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडे राब भाजतात ना मॅडम, पेरणीच्या आधी, तसा. अगदी तसा." मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला राब कसा रचतात ते सांगितलं: खाली शेण, वर कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, मग पालापाचोळा, त्यावर माती, आणि संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवायचं. बारा वर्षं आम्ही एका मजल्यावर काम करत होतो आणि त्याआधी "रजा शिल्लक आहे का" यापलीकडे बोललो नव्हतो.

टोमण्यांवर वाद घालू नका. "तुला कळत नाही, हे कलात्मक आहे" असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांच्या अत्तरापेक्षा तेच जास्त उग्र. "खरंच? बरं, उद्या नाही लावत" म्हणावं आणि उद्या खरंच लावू नये. घरातल्यांशी माझा तह असा आहे: चोया फक्त रविवारी, गच्चीवर. माती केव्हाही, पण आई सिंकजवळ असताना नाही.

११. जास्त झालं तर

होणारच. तेव्हा घाबरून लगेच पाण्याखाली हात धरू नका. अत्तर तेलात असतं, पाण्याने ते फक्त पसरतं. आधी कोरड्या कापसाने टिपा. मग खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन जागा चोळा, पुन्हा कापसाने पुसा. हे दोनदा करा. त्यानंतर साबण आणि कोमट पाणी. फवाऱ्याचं असेल तर साबणाने बरंचसं निघतं.

कपड्यावर सांडलं असेल तर डागावर टाल्कम पावडर भुरभुरून तासभर ठेवा, झटका, मग भांड्यांच्या साबणाने तेवढाच भाग धुवा. मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर टाकू नका. चोयावाली ती ओढणी मी नवऱ्याच्या शर्टांबरोबर टाकली होती. शर्ट दुसऱ्या धुण्याला सुटले. ओढणी पाच वेळा धुऊन झाली, दोनदा उन्हात दिवसभर टांगली. अजूनही इस्त्री फिरवली की खोलीभर राब पेटतो, आणि इस्त्रीवाल्याने ती घ्यायचं बंद केलं आहे.